रोजच्या कामाला चालतो का?

“ह्यां उघडता कसां?”

सगुणकाकांनी माझा चाकू तळहातावर ठेवला होता. मेलेलं पाखरू पोरांनी आणून दिलं की मोठी माणसं जशी धरतात, तसा. फार जवळ नाही, फार लांब नाही.

मी तो घेतला आणि उघडून दाखवला. खटक, एक गिरकी, खटक, दुसरी गिरकी, खटक. दोन मुठींचे दोन पंख मागे मिटले आणि मधलं पातं बाहेर आलं.

“आणि बंद?”

“तसोच. उलटो.”

मी बंद करून दाखवला. काका थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले.

“आणि मधी काम खंय करतस?”

शेडमधली सगळी हसली. मीही हसलो. तेव्हा माझं असं होतं की लोक हसले की मी आधी हसायचो आणि कशाला हसले ते नंतर बघायचो.

ह्याला आता आठ वर्षं झाली. मी एकवीस वर्षांचा होतो आणि वेंगुर्ल्याच्या अलीकडे भाईंच्या नर्सरीत आंब्याची कलमं बांधायला शिकत होतो. शिकवणारे सगुण परब, वय सदुसष्ट. चाळीस वर्षं ते हेच करत होते. त्या पंचक्रोशीत कुणाच्या परड्यात आंबा लागला की लोक आधी विचारायचे, कलम सगुणाच्या हातचं काय?

चाकू मी म्हापशाच्या बाजारातून आणला होता. विकणारा मोबाईलची कव्हरंही विकत होता, त्यामुळे मला तो विश्वासू वाटला. बटरफ्लाय चाकू म्हणतात त्याला. आणल्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एकच प्रश्न उरला होता: हा रोजच्या कामाला चालतो का? त्या नावाचं मी चॅनेलच काढलं होतं. एक्केचाळीस सभासद. त्यातले तीन मीच होतो आणि एक आई, जिला मी सांगितलं होतं की हे दाबलं की गॅसचं अनुदान येतं.

आतापर्यंत मी त्या चाकूनं पाव, शहाळं, सिमेंटची गोण, पेन्सिल आणि बांगडा कापून दाखवला होता. पाव कापला गेला. शहाळ्याला ओरखडा आला. गोण फाटली, पण ती आधीच फाटकी होती. बांगड्याच्या वेळी आईनं मागून धपाटा घातला, तो भाग सर्वांत जास्त बघितला गेला. दर वेळी शेवटी मी कॅमेऱ्यात बघून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो, “चालतो.” आणि चिकटपट्ट्या लावलेला हात वर करायचो.

राहिली होती कलमाची परीक्षा.

कोय कलम कसं बांधतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोयीतून उगवलेलं पंधरा दिवसांचं रोप घ्यायचं, जेव्हा त्याची कांडी तांबूस आणि कोवळी असते. शेंडा छाटायचा आणि कांडीला मधोमध चीर द्यायची. ज्या झाडाचं कलम हवं त्याची पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची आणि तिचं टोक दोन्हीकडून तासून पाचरीसारखं करायचं. पाचर चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची. झालं. तीन आठवड्यांत काडीला पालवी फुटली तर जगलं. काळी पडली तर मेलं.

ह्यात चाकू सोडून काहीच नाही. कलमाचा चाकू एकाच बाजूनं घासलेला असतो, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. त्यामुळे काप सपाट येतो, आणि दोन सपाट काप एकमेकांना चिकटले की मध्ये हवाही शिरत नाही. माझा चाकू दोन्ही बाजूंनी घासलेला होता. त्याचा काप किंचित खोलगट येतो. पावाला हे कळत नाही.

दुसरं म्हणजे तेल. कलमं बांधायच्या दिवशी सगुणकाका कुणालाच डोक्याला तेल लावू देत नसत. शेडमध्ये वडे, भजी काही नाही. हात साबणानं धुवायचे, स्वच्छ फडक्याला कोरडे करायचे, मग बसायचं. एकदा एका नव्या माणसाच्या केसांना त्यांनी लांबूनच नाक लावलं आणि त्याला परत घरी पाठवलं.

“झाडाक घाव दिलो,” ते म्हणायचे, “की तेका दुसऱ्या झाडाचोच वास येवक होयो. आपलो नाय.”

हे मला पाठ होतं. त्यांची नक्कल करताना मी हे वाक्य सर्वांत छान म्हणायचो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मोचेमाडकर सिस्टर रिक्षातून उतरल्या. सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या नर्स. छातीशी बाळ धरावं तसं त्यांनी एक गाठोडं धरलं होतं, ओल्या बँडेजच्या जाळीत गुंडाळलेलं.

“साठ आहेत,” त्या म्हणाल्या. “झाड काल पाडलं.”

कुठलं झाड ते कुणी विचारलं नाही. रस्ता रुंद होणार होता आणि सिस्टरांच्या दारातला खोबरी आंबा त्यात जाणार, हे वर्षभर सगळ्यांना ठाऊक होतं. खोबरी म्हणजे कैरी असतानाही ओल्या खोबऱ्यासारखी लागायची म्हणून. असा दुसरा आंबा पंचक्रोशीत नव्हता. आणि दुसरं असं, की ह्याच झाडाच्या फांदीला काटा टांगून सिस्टर गावातल्या पोरांची वजनं करायच्या. झोळीत पोर, वर काटा, त्यावर आंबा.

“सगुण, तुझ्याच हातानं कर,” सिस्टर म्हणाल्या. “ह्याच्या पलीकडे एक काडी नाही. बाकीचं लाकूड ट्रकनं गेलं.”

काकांनी जाळी उलगडली. एक काडी घेऊन नखानं साल खरवडली. आत हिरवी होती.

“सिस्टर, साठ माझ्यान आज होवचे नाय. दोन वाजल्यार डोळे थकतत. आणि उद्यापर्यंत हे काडये ऱ्हवचे नाय.” त्यांनी माझ्याकडे मान केली. “तीस मी करतंय. तीस ह्यो निनाद करतलो.”

सिस्टरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“हा?”

“माझ्या हाताखाली शिकलोसा.”

“तुझंही वजन त्याच झाडाला केलंय मी,” सिस्टर मला म्हणाल्या. “सव्वादोन किलो. सुई टोचली तर हसलास. तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं, ह्याच्यावर लक्ष ठेव.” मग जरा थांबून, “चाकू निर्जंतुक आहे का रे?”

“हो सिस्टर.”

चाकू माझ्या मागच्या खिशात होता. मी म्हणत होतो तो नर्सरीचा, उकळत्या पाण्यातून काढून फळीवर ठेवलेला.

शेडमध्ये समोरासमोर दोन वाफे होते. काका पलीकडच्या वाफ्याशी पाटावर बसले, माझ्याकडे पाठ करून. काम करताना ते इकडेतिकडे बघत नसत, बोलतही नसत. मी अलीकडे बसलो. फळीवरचा चाकू घेतला, फडक्यानं पुसला, आणि पाटाखाली ठेवला. पाण्याच्या झारीला टेकवून मोबाईल उभा केला. आणि खिशातून फुलपाखरू काढलं.

एकच सांगायचं राहिलं. हा चाकू सरसर फिरायचा असेल तर त्याच्या बिजागरीत तेल लागतं. आदल्या संध्याकाळीच मी आईच्या शिलाई मशीनचं तेल त्यात घातलं होतं. चांगलं सढळ हातानं. परीक्षेच्या दिवशी अडकायला नको.

माझे केस मात्र कोरडे होते. नियमाप्रमाणे मी सकाळी तेल लावलं नव्हतं.

तीस कलमं बांधली. प्रत्येक कलमाआधी चाकू उघडला आणि प्रत्येक कलमानंतर बंद केला, कारण नाहीतर व्हिडिओत बघायचं काय? खटक, गिरकी, खटक. साधारण दहाव्या कलमाला बोटांना बुळबुळीत लागलं. मी बघितलं. बिजागरीतून एक बारीक ओघळ पात्यावर उतरला होता. मी तो पँटला पुसला आणि अकरावं घेतलं. विसाव्याला पुन्हा पुसला.

“झाले रे?” काकांनी पाठमोरंच विचारलं.

“होतहत काका.”

“घाई करू नको. तिची ती शेवटची आसत.”

तिसाव्या कलमाला मी पट्टी बांधली, मोबाईलकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणालो, “चालतो.”

आमच्याकडे एक पद्धत होती. वाफा कुणी बांधला ते कळायला टोकाला बांबूची काठी रोवायची आणि तिला आपापल्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायची. काकांची निळ्या चौकटीच्या लुंगीची. माझी नारिंगी टीशर्टची. ज्याच्या वाफ्यात जितकी जगली तितका त्याचा हात. कागदावर काही नाही. भाई वाफ्यावरून चालत जायचे, काठी बघायचे आणि मनात ठेवायचे.

तीन आठवड्यांनी रविवार होता. सुट्टी. पाणी घालायची पाळी माझी. शेडमध्ये मी एकटा.

आधी काकांचा वाफा लागला. निळी चिंधी. तिसांतल्या अठ्ठावीस काड्यांना पालवी आली होती. नव्या आंब्याच्या पानाचा तो तांबडा रंग, अजून ओला वाटावा असा.

मग माझा.

पहिली काडी काळी. दुसरी काळी. मी घाईनं शेवटपर्यंत गेलो, जणू टोकाला काही वेगळं असणार होतं. एकीला हात लावला तर ती पट्टीतून सरळ वर आली, पेन टोपणातून येतं तशी. पाचर चिकटलीच नव्हती. मी ती परत आत खोचली. का खोचली ते मला आजही सांगता येणार नाही.

शिकणाऱ्याची कलमं मरतात. हे नर्सरीत सगळ्यांना माहीत होतं. भाई दोन शब्द बोलले असते, सिस्टर हळहळल्या असत्या, काकांच्या अठ्ठावीसमुळे झाड वाचलेलंच होतं. मला फारफार तर पुढचा हंगाम पाणी घालावं लागलं असतं. एवढंच होतं सगळं.

मी दोन काठ्या उपटल्या आणि दोन काठ्या रोवल्या. चाकू उघडायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

सोमवारी सिस्टर आल्या. भाई त्यांना घेऊन शेडमध्ये शिरले, मागून काका, त्यांच्या मागून मी. भाई नारिंगी चिंधीपाशी थांबले आणि त्यांनी शीळ घातली.

“निनाद! अठ्ठावीस?”

मी मान हलवली. हलवली म्हणजे कुठल्या दिशेला ते माझं मला कळलं नाही. तिचा अर्थ भाईंनी लावला.

सिस्टर खाली बसल्या आणि एका पानाला बोट लावलं. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. सव्वादोन किलोच्या पोराच्या ठेवतात तसा.

“आणि हे?” त्यांनी पलीकडे बघितलं.

पलीकडे निळी चिंधी होती आणि तीस काळ्या काड्या.

काका चष्मा पुसत पुढे आले. चिंधी बघितली. वाफा बघितला. मग वाकून त्यांनी एका कलमाची पिशवी उचलली आणि पट्टी सोडायला घेतली.

आता एक गोष्ट अशी होती की सगुणकाका डावरे होते. आख्ख्या नर्सरीत तेवढे एकटेच. आमची पट्टी ज्या बाजूनं फिरते, त्याच्या उलट त्यांची. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, त्यांची नक्कल करतानाही मी पट्टी उलट फिरवून दाखवायचो आणि लोक हसायचे. आणि काठ्या बदलताना हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांची बोटं सवयीनं एका बाजूला गेली. पट्टी सुटेना. ती उलट आवळली गेली. बोटं थांबली. मग दुसऱ्या बाजूला गेली आणि पट्टी सरसर सुटली.

काकांनी काडी उपसली. पाचर नाकाशी नेली.

मी शेडच्या छपराकडे बघत होतो. तिथं एक पाल होती. तिच्याबद्दल मी आज खूप काही सांगू शकेन.

काकांनी पाचरीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा लुंगीला पुसला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्याला विचारल्यावर उत्तराची वाट बघत माणूस बघतो, तसं. पण त्यांनी तर काही विचारलंच नव्हतं.

“काका, काय झालां?” भाईंनी विचारलं.

काका अजून माझ्याकडेच बघत होते. मी पालीकडे.

“हात चुकलो आसतलो,” ते म्हणाले.

“सगुण, तुझ्या हातावर भरवसा ठेवून दिलं होतं रे मी,” सिस्टर म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. इंजेक्शन देताना बोलतात तेवढ्याच आवाजात म्हणाल्या. “हा पोरगा नसता तर?”

“होय सिस्टर.”

“डोळे दाखवा म्हणान किती दीस सांगतंय तुमका,” भाई म्हणाले. “ऐकूचां नाय. आता तरी घरी बसा, आराम करा. खूप केलास. हयसर आता निनाद बघतलो.”

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. फळीपाशी जाऊन आपला चाकू घेतला. लाकडी मुठीचा, पातं घासून घासून निम्मं झालेलं. तो त्यांनी एका फडक्यात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

“घे.”

“काका, तुमचो…”

“घे. एका बाजून घासलेलो आसा.” मी घेतला. “तेल लावू नको.”

बाकीच्यांना ती शिकवण वाटली. भाईंनी तर मान डोलावली, काय माणूस आहे अशी.

ह्यानंतर काका निघाले. नर्सरीच्या फाटकासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, एसटीचा थांबा होता. त्यांच्या गावाची गाडी तिथूनच जायची. ते जाऊन बाकड्यावर बसले, पिशवी मांडीवर, तोंड नर्सरीकडे. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पाऊण वाजता गाडी आली. थांबली, गेली. काका बाकड्यावरच.

भाईंनी सिस्टरांना आधी जेवायला आणि मग चहासाठी थांबवलं होतं. आम्ही सगळी फाटकाशी उभी होतो, कप हातात घेऊन. अडीचला दुसरी गाडी आली. समोर ठसठशीत अक्षरांत त्यांच्याच गावाची पाटी. ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा दिला. काका उठले नाहीत. नर्सरीकडे बघत बसले.

“ह्येंका काय झालां?” भाई म्हणाले. “चढनत कित्याक नाय?”

सिस्टरांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. काहीतरी येऊ घातलं होतं. कुणीतरी रस्ता ओलांडून त्यांना विचारणार होतं, आणि मी ते थांबवलं. मला येत होतं तसं.

“डोळे,” मी म्हणालो. “पाटी वाचूक येणा नाय आसतली. गोव्याची गाडी आसा समाजतत.”

भाई फसकन हसले. चहा त्यांच्या नाकात गेला. मग बाकीचे हसले. सिस्टरही हसल्या, नको नको म्हणत. हसू मोठं होतं आणि रस्ता लहान. रुंद व्हायचा होता अजून.

काकांनी मान खाली घातली नाही की काही नाही. तसेच बसून राहिले. साडेपाचला तिसरी गाडी आली. तीही गेली. मग दिसेनासं व्हायच्या थोडं आधी ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि चालत गेले. त्यांचं गाव चौदा किलोमीटर होतं.

त्या रात्री मी व्हिडिओ पुसून टाकला. चाकू खाडीत टाकला. खाडीत टाकताना तो उघडला. आपोआप. खटकसुद्धा न करता. इतकं चांगलं तेल होतं.

हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. गेली आठ वर्षं मी त्या नर्सरीत मुख्य कलमवाला आहे. लोक परड्यातला आंबा दाखवत विचारतात, निनादच्या हातचं काय? माझा हात खरंच चांगला आहे आता. काकांच्या चाकूनं बांधतो, कुणाला डोक्याला तेल लावून शेडमध्ये घेत नाही. नव्या पोरांना सांगतो, झाडाला घाव दिला की त्याला दुसऱ्या झाडाचाच वास यायला हवा. त्यांना वाटतं, वाक्य माझं आहे.

गेल्या मे महिन्यात सिस्टर आल्या. आता काठी घेऊन चालतात. रिक्षावाल्यानं मागून एक टोपली आणली.

“खोबरी लागली,” त्या म्हणाल्या. “नव्या घराच्या मागं लावली होती तीन कलमं. पहिलीच फळं. कुणाला दिली नाहीत, मीही खाल्ली नाहीत. म्हटलं, ज्याच्या हातची त्याला आधी.” मग त्या हसल्या. “मुद्दाम काट्यावर घालून आणलीत. बरोबर सव्वादोन किलो.”

मी टोपली घेतली. सिस्टर गेल्यावर ती मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली आणि चौदा किलोमीटर गेलो.

काका अंगणात बसून माडाच्या हिरांची केरसुणी बांधत होते. पट्टी उलट फिरवायचे तशीच दोरी उलट फिरवत होते. त्यांनी नर्सरी सोडल्यापासून मी एकदाही इथं आलो नव्हतो. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी आणवलं. मी टोपली पुढे ठेवली.

त्यांनी एक आंबा उचलला आणि देठाशी नाक नेलं. बराच वेळ.

“खोबरी,” ते म्हणाले.

“होय.”

“सिस्टरीन दिली?”

“माका दिली.”

“मगे हयसर कित्याक आणलस?”

मी खिशातून त्यांचा चाकू काढला. निम्म्याचं आता पाव उरलं होतं पातं. मोटारसायकलवर मी चौदा किलोमीटर वाक्यं जुळवली होती. चांगली होती. दोन-तीन ठिकाणी हसू येईल अशीही होती.

“काका,” मी म्हणालो, “ते काठये मी बदललंय.”

“म्हायत आसा.”

केरसुणीची दोरी त्यांनी आवळली. गाठ मारली. दातानं तोडली.

“मगे तुमी तेव्हाच कित्याक नाय सांगलास? भाई होते. सिस्टर होते. पट्टी दाखवली आसतास तरी…”

“तां सांगूचां तुझां होतां,” ते म्हणाले. “माझां नाय.”

आतून त्यांच्या सुनेनं चहा घेणार का म्हणून विचारलं. काकांनी हातानं थांब म्हटलं. ते आंब्याकडे बघत होते.

“त्या दिसा तीन गाडये सोडलंय मी,” ते म्हणाले. “म्हटलां, पोरगो दुपारचा येयत. मगे म्हटलां, काम सुटल्यार येयत. रस्तो काय, इतकोच.” त्यांनी दोन हातांत अंतर दाखवलं. केरसुणीएवढं.

मी चाकू ह्या हातातून त्या हातात घेतला.

“आणि पाटी,” काका म्हणाले, “पाटी दिसत होती माका. तिनय वेळा.”

त्यांनी आंबा माझ्या हातात दिला.

“काप. आधी चाकू पूस.”

मी पुसला. तो कोरडाच होता.